पलटणीतील दुसरी गोळी

भिलाईच्या रुआबांधा भागात राहणाऱ्या माणसाला पोलादाच्या गोष्टी कोणी मुद्दाम सांगाव्या लागत नाहीत. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून या परिसरातल्या संसारांना कारखान्याच्या पाळ्यांचेच घड्याळ लागले. 2 सप्टेंबर 2022 रोजी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका आरमारात दाखल झाली. तिच्या अंगच्या खास पोलादी पत्र्यांत भिलाई, राऊरकेला आणि बोकारो या तिन्ही कारखान्यांचा वाटा होता. असे पोलाद घडविताना त्यात कोणते द्रव्य किती मिसळावे, ते किती तापवावे आणि कसे निववावे, याचा काटेकोर हिशेब धातुशास्त्रज्ञ करीत असतात. हा हिशेब पोलादाला समजावून सांगण्याचा प्रश्न मात्र कधी येत नाही.

परंतु लढाईचे मुख्य साधन पोलाद नव्हे, माणूस. आणि या माणसाचे शरीरही अधिक टणक, अधिक चिवट, अधिक जागे करावे अशी इच्छा सेनापतींच्या मनात फार जुनी आहे. अलीकडे या विषयाचा मोठा बोलबाला आहे. थकवा हरण करणारी औषधे, ओझे उचलण्यासाठी अंगावर चढवावयाचे यांत्रिक सांगाडे, मेंदूशी जोडावयाची उपकरणे, इतकेच नव्हे तर पेशींतील बीजगुणांत फेरफार, अशा अनेक गोष्टींची चर्चा लष्करी वर्तुळांत चालू आहे. हे सारे एकविसाव्या शतकाचे नवल आहे अशी पुष्कळांची समजूत असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती पटत नाही. ज्या शरीरात विषमज्वराला तोंड देण्याची शक्ती नव्हती त्यात ती सुईने घालणे, ज्या जंगलात माणूस आठवडाभर टिकत नव्हता तेथे त्याला रोज एक गोळी देऊन वर्षभर टिकविणे, हेही शरीराचे सामर्थ्य वाढविणेच होय. या प्रयोगांना सव्वाशे वर्षे होऊन गेली, आणि त्यांतले काही आपल्या मराठी पलटणींच्या अंगावर झाले. त्या वेळी ज्या अडचणी आल्या त्या औषधाच्या कमी आणि माणसाच्या अधिक होत्या. आज मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी.

आरंभ मुंबईपासून करू. 1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. सरकारने बोलाविल्यावरून वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ कलकत्त्याहून येथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी तीन-चार महिन्यांत लस सिद्ध केली. 10 जानेवारी 1897 रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, हात दुखला, आणि माणूस पुन्हा कामाला लागला. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. तुरुंगातील माणसाच्या 'स्वतःहून' या शब्दाला किती अर्थ असतो, ही शंका रास्त आहे. आणि शिपायाच्या बाबतीतही तीच शंका पुढे वारंवार येणार आहे. तरीही पहिली सुई कोणाच्या दंडात गेली, ही गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते ते सर्वश्रुत आहे. रँड साहेबांच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घरांत घुसवून झडत्या सुरू केल्या. हेतू रोग हटविण्याचाच होता, पण साधन बंदुकीचे होते. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा परिणाम दिसला. एकाच प्रांतात, एकाच रोगाविरुद्ध, एकाच वर्षी दोन रीती वापरल्या गेल्या, आणि त्यांची फळेही वेगळी आली. त्या काळच्या मराठा पलटणींत भरती होणारी मुले याच समाजातून येत होती. सरकारी डॉक्टरच्या हातातील सुईकडे ती कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करावयास फारसा प्रयास पडू नये. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेल्यांपैकी 19 माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा तर संशयाला पुरावाच मिळाला. हाफकिन निर्दोष ठरले ते 1907 साली. अफवेला इतका वेळ लागत नाही.

गोऱ्या सैन्याची स्थिती फार निराळी होती असे मात्र समजू नये. विषमज्वरावरील लशीचे एक जनक आल्मरॉथ राइट हे नेटली येथील लष्करी वैद्यकशाळेत प्राध्यापक होते. 1898 साली ते प्लेग कमिशनचे सभासद म्हणून हिंदुस्थानात आले असता त्यांनी येथील सुमारे चार हजार गोऱ्या सोजिरांना लस टोचली. त्यांचा आग्रह असा की दक्षिण आफ्रिकेच्या लढाईवर जाणाऱ्या प्रत्येक सैनिकाला ती द्यावी. सरकारने ती ऐच्छिक ठेवली. सव्वातीन लाखांच्या आसपास सैन्य आफ्रिकेत गेले. त्यांतील चौदा-पंधरा हजारांनीच लस घेतली. टोचल्यावर दोन दिवस अंग मोडून येई, आणि बोटीवर ज्यांनी हे हाल पाहिले त्यांनी आपला दंड पुढे केला नाही. लशीच्या काही पेट्या साउदॅम्प्टन बंदरात समुद्रात फेकण्यात आल्या असेही सांगतात. त्या लढाईत एकट्या विषमज्वराने सुमारे आठ हजार सैनिक मेले, आणि एकंदर रोगाने मेलेल्यांची संख्या बोअरांच्या गोळ्यांनी मेलेल्यांहून पुष्कळच अधिक भरली.

आता राइट यांचे म्हणणे खरे ठरले, हे उघड आहे. तथापि त्यांचे आकडे त्या वेळी निर्विवाद नव्हते. 1904 साली कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने ते तपासून त्यांतील उणिवा दाखविल्या आणि मोठा वाद माजला. मग लाइशमन या लष्करी डॉक्टराने हिंदुस्थानात येणाऱ्या पलटणींची टोचलेले आणि न टोचलेले अशी वर्षानुवर्षे शिस्तीने नोंद ठेवली, आणि त्या नोंदीने प्रश्न मिटविला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कायद्याने लस ऐच्छिकच राहिली, पण युद्ध संपेपर्यंत बहुतेक सगळे सैन्य टोचून झाले होते. राइट यांचा स्वभाव तापट, त्यांना शंका सहन होत नसे. लाइशमन शंकांना नोंदवहीने उत्तर देत बसले. पलटणीत चालले ते दुसऱ्यांचे.

पहिल्या महायुद्धाचा उल्लेख निघालाच आहे, तर 'कूत'कडे वळल्याखेरीज पुढे जाता येत नाही. तेथे वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन आपल्या पुण्याच्या नावाने ओळखली जाई. 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तिन्ही मराठा पलटणी तीत होत्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तैग्रीस नदीच्या एका वळणात हे सैन्य तुर्कांनी कोंडून धरले. धान्य संपत आले तेव्हा जनरल टाउनशेंडने तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यास आरंभ केला. गोऱ्या पलटणींनी ते खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते नाकारले. बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा मागविण्यात आली. अनुज्ञा आली, तरी शिपाई हलला नाही.

यात शिपायाचा हट्ट पाहणारे इंग्रज लेखक पुष्कळ आहेत. त्यांना सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर येथील गावे ठाऊक नव्हती. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे एक गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, आणि आजही ते 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. अशा गावातून गेलेला शिपाई एकटा गेलेला नसतो. त्याच्या मागे भावकी असते, पंगत असते, लग्नाच्या मुली असतात. तुर्काची गोळी लागून मेला तर घराण्याचे नाव होते. घोड्याचे मांस खाऊन जगला तर पंगतीत पान मांडले जाईल की नाही हे दूरच्या धर्माधिकाऱ्याच्या तारेने ठरत नव्हते, ते गावात ठरत होते. त्याचे शरीर सरकारचे खरे, पण त्यावर घरचाही हक्क होता. अखेर एप्रिलात, जे अंमलदार मांस न खाल्ल्याने अशक्त होतील त्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती दिली जाईल असे टाउनशेंडने जाहीर केले. तेव्हा हजारो शिपाई खाऊ लागले. पण तोवर स्कर्व्हीने पुष्कळांचे बळ गेले होते, आणि दोन-तीन आठवड्यांतच शरणागतीची वेळ आली.

याच वेढ्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. मैद्याचा पांढरा पाव खाणाऱ्या गोऱ्या सोजिरांना बेरीबेरी झाला; हिंदी शिपायांना तो झाला नाही, कारण ते कोंड्यासकट आटा खात होते. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही जवाचे भरड पीठ खावे लागले, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. म्हणजे ज्या शिपायाला अडाणी म्हणून बोल लावला जात होता त्याच्या भाकरीत एक गुण होता, आणि ज्या सोजिराला सर्व काही चालत होते त्याच्या पावात तो नव्हता. 'व्हिटॅमिन' हा शब्द त्या वेळी उणापुरा चार वर्षांचा होता. वेढ्यातील वैद्यकीय प्रमुख पॅट्रिक हेहिर यांनी हा सारा प्रकार पुढे लिहून ठेवला, म्हणून आपल्याला तो कळतो. सैनिकाच्या शरीराविषयी हुकूम काढणाराचे ज्ञान बहुधा अर्धे असते, आणि अर्धे ज्ञान सैनिकाच्या सवयीत असू शकते, ही गोष्ट हुकूम देणाऱ्यांना मानवत नाही.

आता ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे येऊ. माझ्या मते या विषयाचा खरा धडा तेथेच आहे.

1942 च्या मार्चमध्ये जपानने जावा बेट घेतले. जगातील बहुतेक सारे कोयनेल त्या बेटावरील सिंकोना झाडांच्या सालीपासून येत असे. ते एका दिवसात शत्रूच्या हाती गेले. इकडे आसाम आणि ब्रह्मदेशाची सरहद्द म्हणजे हिवतापाचे माहेर. 1943 साली जनरल स्लिम यांनी चौदाव्या सैन्याची सूत्रे घेतली तेव्हाची स्थिती त्यांनी स्वतः नमूद केली आहे. हिवतापाचे प्रमाण वर्षाला शेकडा 84 होते, आणि जखमी होऊन मागे पाठविलेल्या प्रत्येक माणसामागे 120 माणसे आजारी म्हणून मागे जात होती. असे सैन्य लढणार कसे? ते तर लढाईआधीच वितळत होते. या सैन्यात हिंदी शिपाईच बहुसंख्य होते. मराठ्यांचीही पलटणे होती. 1944 च्या मार्चमध्ये सांगशाकच्या टेकडीवर छत्रीधारी ब्रिगेडबरोबर सहा दिवस जपान्यांना थोपवून धरणाऱ्यांत चौथी मराठा पलटण होती.

कोयनेलाच्या जागी आली ती मेपाक्रिनची गोळी. हे द्रव्य मूळचे जर्मन रसायनशास्त्रज्ञांचे, 1930 च्या सुमारास सिद्ध झालेले. ते रोज किती घ्यावे, किती दिवस आधी सुरू करावे, याचा निर्णय ऑस्ट्रेलियात झाला. केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअरली यांनी स्वेच्छेने आलेल्या सैनिकांना हिवतापाच्या डासांकडून मुद्दाम चाववून घेतले, त्यांना गोळी दिली, मग डोंगर चढविले, पोहावयास लावले, थंडीत बसविले. रोज एक गोळी नियमाने घेणाऱ्याचा ताप डोके वर काढीत नाही, हे त्यांनी 1944 पर्यंत सिद्ध केले. आपले प्राण पणाला लावणाऱ्या त्या साध्या सैनिकांची आठवण फारशी कोणाला नाही. रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादच्या लष्करी छावणीत डासातील हिवतापाचा जंतू शोधला तेव्हा त्या डासांना आपले रक्त देणारा हुसेनखान हाही असाच. त्याला दर डासामागे एक आणा मिळाला.

औषध हाती आले. आता ते पोटात जावयाचे होते, आणि तेथेच गाडे अडले.

मेपाक्रिन कडू असते. ती घेतल्यावर काही दिवसांत कातडी पिवळी पडते. कावीळ झालेल्या माणसासारखी शेजाऱ्याची मुद्रा दिसू लागली की गोळी घेणारा बिचकणारच. पोट ढवळते. आणि पलटणीत एक कुजबूज सुरू झाली की या गोळीने पुरुषत्व जाते. हिंदी, गोरे, आफ्रिकी, सर्व पलटणींत ही कुजबूज फिरली. ज्या मुलखात शिपाई रजेवर घरी येतो तेव्हा आई प्रथम नातवाची गोष्ट काढते, तेथे ही भीती किती खोल गेली असेल! हिवतापाने माणूस मरतो हे शिपायाला माहीत होते. पण हिवताप झाला तर निदान इस्पितळाची खाट मिळते, आघाडीवरून काही आठवडे सुटका होते, आणि गोळी घेतली तर सुटकाही नाही आणि वंशही नाही, असा त्याचा हिशेब. त्यात वैद्यकशास्त्राचा दोष असेल. संसाराच्या व्यवहाराचा मुळीच नव्हता.

स्लिम यांनी केले ते असे. गोळी घेतली की नाही याची जबाबदारी डॉक्टरांवरून काढून कमांडिंग ऑफिसरवर टाकली. रांगेत उभे करून, अधिकाऱ्यांच्या देखत, गोळी गिळवयाची. मग कोणत्याही पलटणीची न कळविता तपासणी व्हावयाची. शंभरांत पंचाण्णवांपेक्षा कमी माणसांनी गोळी घेतलेली आढळली तर शिपायाला नव्हे, कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवावयाचे. तिघांना त्यांनी खरोखर काढले. त्यानंतर कोणाला काढावे लागले नाही. जोडीला रोग्यांना दूर हिंदुस्थानात न पाठविता आघाडीच्या जवळच उपचार करण्याची केंद्रे निघाली, म्हणजे हिवताप ही सुटकेची वाट राहिली नाही. डी. डी. टी. आले. 1945 पर्यंत रोज आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण हजारी एकापर्यंत उतरले. जपानी सैन्याचा त्याच जंगलात त्याच रोगाने चुराडा होत असता हे सैन्य पावसाळ्यातही पुढे सरकत राहिले, यात त्या पिवळ्या गोळीचा हिस्सा मोठा होता.

हा विजय बहुधा कडक शिस्तीचा म्हणून सांगितला जातो. मला वाटते शिस्तीची दिशा बदलली, हे त्यात अधिक महत्त्वाचे. आज्ञा मोडणाऱ्या शिपायाला शिक्षा करणे कोणत्याही सैन्यात सोपे; स्लिम यांनी धोका अधिकाऱ्याच्या अंगावर घातला. ज्याची नोकरी शिपायाच्या गोळीवर अवलंबून आहे असा अधिकारी मग रांगेत स्वतः उभा राहतो, स्वतः पिवळा होतो, आणि शिपाई त्याच्याकडे पाहतो. पिवळा पडलेला साहेब रजेवर जाऊन आला आणि वर्षाने त्याच्या घरी पाळणा हलला, तर त्या बातमीने जे होते ते दहा पत्रकांनी होत नाही.

पण याच गोष्टीला एक काळी कडा आहे, आणि ती झाकून चालणार नाही. पुरुषत्वाची कुजबूज खोटी होती; परंतु गोळी अगदी निरुपद्रवी होती हेही खरे नव्हते. थोड्या माणसांना तिने चित्तभ्रम झाला. न्यू गिनीच्या आघाडीवर काहींना तिने कातडीचा चिवट विकार झाला. लाखांच्या हिशेबात ही संख्या लहान, आणि सेनापतीने लाखांचाच हिशेब करावयाचा असतो. ज्याला चित्तभ्रम झाला त्याच्या घरी मात्र हिशेब एकाचाच असतो. अफवेला 'काही होत नाही' असे ठाम उत्तर देण्याचा मोह त्या वेळी अनेकांना झाला. ज्या दिवशी शेजारच्या तंबूतील माणूस बरळू लागतो त्या दिवशी ते ठाम उत्तर फुटते, आणि मग खरे सांगणारावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

लस आणि मेपाक्रिन ही साधने शरीराला काही देतात. त्याच महायुद्धात दुसऱ्या जातीच्या गोळ्याही निघाल्या. त्या काही देत नाहीत, उद्याच्या खात्यातून आज उचल करतात. जर्मनीच्या सैन्याने 1940 च्या वसंतात आणि उन्हाळ्यात 'पेर्व्हिटिन'च्या साडेतीन कोटींवर गोळ्या वाटल्या. त्या घेतलेले रणगाड्यांवरचे सैनिक तीन-तीन दिवस झोपेवाचून फ्रान्समध्ये पुढे गेले. मग ते कोसळले, आणि पुन्हा उठण्यासाठी त्यांना पुन्हा गोळी लागू लागली. 1941 साली तेथील आरोग्यखात्यानेच ते द्रव्य अफूच्या कायद्याखाली आणले. सैन्यात ते तरीही चालूच राहिले. दोस्तांकडेही 'बेन्झेड्रिन' होतेच. या बाबतीत कोणाचे हात स्वच्छ नाहीत. 2002 च्या एप्रिलमध्ये कंदाहारजवळ अमेरिकी वैमानिकांनी चुकून मित्रसैन्यावर बाँब टाकला, चार कॅनेडियन सैनिक ठार झाले. वैमानिकांच्या वकिलांनी जागे राहण्यासाठी सरकारने दिलेल्या गोळ्यांकडे बोट दाखविले. चौकशी मंडळाने ते कारण मानले नाही. गोळी सरकारची, हात वैमानिकाचा. दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र न्यायालयाच्या दारात प्रथमच इतक्या उघडपणे उभा राहिला.

आपल्या देशाचा अनुभव या बाबतीत निराळा आणि माझ्या मते अभिमानास्पद आहे, जरी तो पराभवातून आला. 1962 साली सपाटीवरच्या छावण्यांतून जवानांना थेट चौदा-पंधरा हजार फुटांवर नेण्यात आले. शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच त्यांतील अनेकांच्या फुप्फुसांत पाणी भरले. लष्करी वैद्यक इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी या विकाराचा पाठपुरावा केला; 1969 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1,925 सैनिकांची नोंद आहे, आणि डोंगरी आजारावरच्या जगातील मोठ्या अभ्यासांत तो आजही गणला जातो. त्यांनी सुचविलेले मूत्रल औषध पुढे मागे पडले. टिकले ते दुसरेच. आपल्या सैन्याने ठरविले की नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस थांबत, पहिले दोन दिवस विश्रांती घेऊन, मग चालत, मग ओझे घेऊन चढत माणसाने वर जावे. 1984 च्या एप्रिलपासून सियाचेनवर जाणारा प्रत्येक जवान, मग तो कोल्हापूरचा असो की केरळचा, या पायऱ्या चढूनच गेला आहे. रक्त स्वतःच्या गतीने बदलते; ते चौदा दिवस मागते. सेनापतीच्या नकाशाला हे चौदा दिवस फार जड जातात. कोणत्याही गोळीने ते पूर्णपणे वाचविलेले नाहीत.

आता अगदी अलीकडची गोष्ट. 2021 साली करोनाच्या साथीत आपल्या हवाई दलाने लस आवश्यक केली. गुजरात उच्च न्यायालयात एका हवाई सैनिकाचा अर्ज आला: मला ही लस नको, माझी विवेकबुद्धी तिला संमती देत नाही. सरकारतर्फे सांगण्यात आले की सबंध दलात नऊच माणसांनी नकार दिला, आणि नोटिशीला उत्तरही न देणाऱ्या एकाला सेवेतून काढले. सैनिकाने घेतलेली शपथ लशीलाही लागू आहे, अशी सरकारची भूमिका होती. न्यायालयाने अर्जदाराचे म्हणणे दलाने पुन्हा विचारात घ्यावे असे सांगितले. लाखाहून मोठ्या दलात नऊ! 1900 सालच्या सोजिरांशी तुलना केली तर केवढा फरक. परंतु ती लस नागरिकांनाही दिली जात होती, ती पंतप्रधानांनी घेतली होती, घरोघरी आई-वडिलांनी घेतली होती. सैनिकापुरतेच असलेले, घरच्यांनी कधी न पाहिलेले साधन उद्या पुढे आले तर नऊच नकार येतील असे कोणी सांगू नये.

अशा साधनांचा विचार फ्रान्समध्ये सुरू झाला आहे. तेथील संरक्षण खात्याच्या नीतिसमितीने 2020 च्या डिसेंबरात आपला अभिप्राय प्रसिद्ध केला. संशोधन थांबवू नये, कारण इतर देश थांबणार नाहीत. पण सैनिकाच्या स्वतंत्र इच्छाशक्तीवर घाला घालणारे किंवा त्याला सेवेनंतर समाजात परतणे अशक्य करणारे काही करू नये, असा तिचा आशय आहे. परतण्याचा उल्लेख मला त्यात विशेष वाटतो. शपथ सैनिक घेतो, पण तिची मुदत संपते. वीस वर्षांनी तो गावी येतो, शेत पाहतो, सोसायटीच्या निवडणुकीत उभा राहतो. सैन्याने त्याच्या शरीरात जे घातले ते मुदत संपली म्हणून छावणीच्या फाटकाशी ठेवून येता येत नाही.

1991 च्या आखाती युद्धात हे पाहावयास मिळाले. इराक विषारी वायू सोडील या भीतीने अमेरिकेने सुमारे अडीच लाख सैनिकांना पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या दिल्या. या कामासाठी त्या औषधाला रीतसर मंजुरी नव्हती. म्हणून सैनिकाच्या संमतीची अटच एका नियमाने आधी शिथिल करून घेण्यात आली. वायू सुटला नाही तरी गोळ्या पोटात गेल्या होत्या. युद्ध संपले, सैनिक घरी गेले, आणि हजारोंना सांधेदुखी, विस्मरण, न जाणारा थकवा जडला. अनेक वर्षे त्यांना सांगण्यात आले की हा मनाचा खेळ आहे. 2008 साली सरकारनेच नेमलेल्या समितीने या आजाराचा त्या गोळ्यांशी आणि कीटकनाशकांशी संबंध दिसतो असा निष्कर्ष काढला. चौकशीत एक अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. कोणत्या सैनिकाने किती गोळ्या किती दिवस घेतल्या, याची धड नोंद कोठेच ठेवलेली नव्हती. सतरा वर्षांनंतरही ज्याला त्याला त्याच्या आठवणीवरूनच उत्तर द्यावे लागले.